आटे संपले तेव्हा

साताऱ्याहून दोघे भाऊ मोटरसायकलवर लेहला निघाले. दादाची साडेतीनशे सीसीची जुनी, वजनदार गाडी आणि धाकट्याची त्यामानाने हलकी. निघण्याआधी गॅरेजवाल्या काकांनी दादाला बजावलं होतं, "क्लचची वायर नवी टाकून जा आणि ही जुनी बरोबर ठेव." दादाने नवी वायर घेतली खरी, पण बॅगेत टाकली. चालत्या वस्तूला हात कशाला लावायचा, असं त्याचं म्हणणं.

मनालीपर्यंत तक्रार नव्हती. अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरले, टांडीच्या पंपावर टाक्या भरल्या, केलाँगला मुक्काम केला. सकाळी क्लचचा लिव्हर ढिला लागला आणि पहिला गीअर टाकताना कर्रकन आवाज झाला.

"दादा, इथे मिस्त्री मिळेल. पुढे लेहपर्यंत भरवसा नाही. दाखवून घेऊ या," धाकटा म्हणाला.

दादाने लिव्हरजवळचा चेकनट सैल केला, ॲडजस्टर दोन आटे बाहेर घेतला, नट पुन्हा आवळला. लिव्हर कडक झाला. "बघ, झालं काम! चल, दुपारच्या आत बारालाचा ओलांडायचाय."

घाई खोटी नव्हती. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि झिंगझिंगबारच्या पुढे रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात. गोट्यांवरून गाडी काढायची तर सगळा वेळ हाफ क्लचवर. त्यात बारालाचा खिंड सुमारे सोळा हजार फुटांवर. विरळ हवेत इंजिन आधीच दमतं, मग डावा हात लिव्हरवरून हटत नाही. नाले ओलांडेपर्यंत लिव्हर पुन्हा ढिला. पुन्हा दोन आटे. सरचूच्या तंबूबाहेर तिसऱ्यांदा तेच. या वेळी मात्र ॲडजस्टर जेमतेम टोकावर उरला होता.

"दादा, आटे संपत आलेत. वायर बॅगेतच आहे ना? आत्ता बदलू, अर्ध्या तासाचं काम."

"पुढे पँगला बघू."

ॲडजस्टरचा यात दोष नाही. वायर थोडी ताणते, तेवढी ढील काढायलाच तो दिलेला असतो. पण क्लचची वायर म्हणजे पिळलेल्या बारीक तारांचा दोर. लिव्हरमध्ये अडकणारी तिच्या टोकाची गुंडी ग्रीसअभावी सुकली की जागच्या जागी फिरत नाही. मग प्रत्येक वेळी लिव्हर दाबताना तार गुंडीच्या मुळाशी वाकते आणि एकेक पदर तुटत जातो. उरलेल्या पदरांवर भार वाढतो, ते ताणतात, लिव्हर ढिला होतो. आटे बाहेर काढले की ढील जाते. तुटलेले पदर तुटलेलेच राहतात. मला वाटतं, दादाला फसवलं ते याच गोष्टीनं. दर खेपेला त्याला काम झाल्याचं समाधान मिळत होतं.

गाटा लूप्सची २१ वळणं सरचूनंतर लागतात. मधल्याच एका वळणावर वरून ट्रक आला. दादाने थांबण्यासाठी क्लच दाबला, तर लिव्हर मुठीला येऊन टेकला. हाताला काही लागलंच नाही. गाडी पहिल्या गीअरमध्ये तशीच पुढे ओढत निघाली, दरीच्या बाजूने. त्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले, इंजिन हिसका देऊन बंद पडलं आणि सामानासकट गाडी आडवी झाली. पाय क्रॅशगार्डने वाचवला. ट्रकवाला थांबला, त्याने आणि धाकट्याने मिळून गाडी उभी केली.

पुढचं काम धाकट्याने केलं. काकांच्या गॅरेजमध्ये उभं राहून तो हे शिकला होता. जुन्या वायरच्या खालच्या टोकाला त्याने सुतळी बांधली, वायर वरून ओढून घेतली आणि त्याच सुतळीने नवी वायर टाकीखालून जुन्याच वाटेने खाली आणली. थंडीने बोटं वळत नव्हती, दोन मिनिटं वाकलं की धाप लागत होती. सरचूत अर्ध्या तासात झालं असतं, त्याला इथे सगळी दुपार गेली.

काढलेली वायर त्याने दादाच्या हातात दिली. तुटलेल्या टोकावर बहुतेक पदर काळे, गंजलेले होते. ताजे, चकचकीत तुटलेले दोन-तीनच.

दादा बराच वेळ ते टोक न्याहाळत राहिला. "हे सगळे आधीच गेले होते?"

"केलाँगला गुंडीवरचं रबर सरकवलं असतं तर तेव्हाच दिसले असते, दादा."

पँगला पोचल्यावर चहा यायच्या आत दादा गाडीशेजारी बसला. ब्रेकची वायर, थ्रॉटलची वायर, चेनचं लॉक, सगळ्यांची टोकं त्याने बोटाने चाचपली. थ्रॉटलच्या वायरवरचं रबर सरकवून आत ग्रीस भरलं.

लांबच्या प्रवासाला निघणार असाल तर नवी वायर घरीच बसवा आणि चांगली असेल तर जुनी बरोबर न्या. वाटेत दुसऱ्यांदा ॲडजस्टर फिरवायची वेळ आली, तर फिरवण्याआधी रबर सरकवून आतले पदर पाहा. एक जरी तुटलेला दिसला, तरी वायर तिथेच बदला.