खाचरातला मासा कोणाचा?

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडील भातखाचरे पावसाने तुडुंब भरली, की ओढ्यातील मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात व अंडी घालण्यास उथळ पाण्यात येतात. हेच चढणीचे मासे. ज्याच्या मालकीचा बांधही नाही, त्याच्या घरीही त्या दिवसांत कालवण शिजते.

भाताने पोट भरते. परंतु सडलेल्या पांढऱ्या तांदळात ‘अ’ जीवनसत्त्व नसते, कॅल्शियमही अल्प. डोक्याकाट्यांसकट खाल्लेली बोटभर मासळी ती उणीव भरून काढते. मोठ्या माशाचे काटे आपण ताटाबाहेर टाकतो, त्यांबरोबर कॅल्शियमही जाते!

खोडकिडीसाठी भातात फोरेटचे दाणे टाकीत. माशांना ते अत्यंत विषारी. 2020 अखेर त्यावर बंदी आली. अन्य औषधे आहेतच. शेतकऱ्याला दोष देणे आम्हांस जड जाते, कारण पीक बुडाले तर कर्ज त्याच्याच माथी. तरीही प्रश्न उरतो : खाचर त्याचे, म्हणून मासाही त्याचाच काय? गोव्याच्या खाजणांत मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो. तेथे माशाला हिशेबात जागा आहे. आमच्याकडे पोती मोजतात. मासा कोणाच्याच नावावर नव्हता, म्हणून तो गेल्याची नोंदही कोठे झाली नाही. लेवीय ग्रंथ शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावयास सांगतो. तेथे निदान मालकाने काही मागे ठेवावयाचे असते. येथे त्याने पेरलेलेच नाही, ते मारण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आणि अंडीभरला मासा वाढला गेला, तेव्हा आम्ही तरी पान कधी सारले? चवीने जेवलो.