झीज

नेरुळला खाडीचा दमट वारा घरात येतो आणि पावसाळ्यात गिटारच्या तारा पाहता पाहता काळवंडतात. परवा तारा बदलताना गिटारच्या मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूपट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, दुसऱ्या तारेखाली, नखाला जाणवेल असा खळगा सापडला. सी कॉर्ड धरायची जागा. बारा वर्षे बोट तिथेच पडतेय.

फ्रेट बहुधा तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूची असते. पोलादी तार तिच्याहून कठीण. तार गंजली की खरखरीत होऊन कानशीसारखी घासते. म्हणून वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसायच्या, वेळेवर बदलायच्या, बोट उगाच जोरात दाबायचे नाही. तरी झीज थांबत नाही, मंदावते एवढेच.

झीज म्हटली की मला वडील आठवतात. ते वारकरी. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवता येते, याचे त्यांना फार अप्रूप होते. त्या स्पर्शाने, अभिषेकांनी मूर्ती झिजते; २०२० मध्येही वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप, करावा लागला. मूर्ती जपायची म्हणून पाय कायमचे दूर ठेवले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

पण माझा खळगा तेवढा निर्मळ नाही. त्यात रियाज आहे, आणि न पुसलेल्या तारांचा गंजही. प्रेमाची झीज किती आणि आळसाची किती, हे धातू सांगत नाही. मलाच आठवावे लागते, आणि काही पावसाळे नीट आठवतात.

नव्या तारा चढवल्या आहेत. फडके आता गिटारच्या पिशवीतच ठेवले आहे.