न घडलेल्याचा हिशेब

२९ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी क्लीव्हलंड शहरात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट सुरू झाला. कॉलेजात खेळलेल्या मुलांमधून बत्तीस संघ आळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याची पाळी पहिली. त्या वर्षी सिनसिनाटी बेंगल्स पाचव्या क्रमांकावर होते. त्यांच्यासमोर दोन नावं होती. एक जमार चेस, चेंडू झेलून पळणारा रिसीव्हर. दुसरा पेनेई सुएल, दीडशे किलोच्या आसपासचा ऑफेन्सिव्ह टॅकल. चेस गोष्टी घडवून आणणारा, सुएल गोष्टी घडू न देणारा.

या निवडीला आणखी एक पदर होता. वर्षभरापूर्वी याच संघाने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर जो बरो हा क्वार्टरबॅक निवडला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर कोसळले आणि त्याच्या डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले. ड्राफ्टच्या दिवशी या गोष्टीला जेमतेम पाच महिने झाले होते. म्हणजे ज्याच्याभोवती संघ उभा करायचा, त्याच्यापुढची भिंत गळकी आहे, हे सगळ्यांना दिसलेलं होतं. तरी बेंगल्सनी चेसला घेतलं. सुएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच अगडबंब माणसं ओळीने उभी असतात: सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांनी चेंडू घेऊन पळायचं नसतं, आणि एरवी नियमाने त्यांना पास झेलताही येत नाही. त्यांचं काम एकच, समोरून येणाऱ्यांना अडवायचं. समोरची डिफेन्सिव्ह लाइनही तशाच देहयष्टीच्या माणसांची असते आणि तिचं काम ही भिंत फोडून क्वार्टरबॅकला पाडायचं. पास फेकण्याआधीच त्याला पाडलं, तर त्याला सॅक म्हणतात.

आता हिशेबाची वही पाहा. ही दोन माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी असतात, एकाच क्षणी एकमेकांवर आदळतात. डिफेन्सवाला जिंकला की त्याच्या नावावर सॅक लागतो. १९८२ पासून लीग त्याची वैयक्तिक नोंद ठेवते. ऑफेन्सवाला जिंकला की काहीच लागत नाही. त्याच्या यशासाठी रकाना नाही. त्याच्या चुकीसाठी मात्र आहे. त्याने समोरच्याला बेकायदा पकडून ठेवलं, तर पंच स्टेडियमभर ऐकू जाईल असं त्याच्या जर्सीचा नंबर पुकारून सांगतात: होल्डिंग, दहा यार्डांचा दंड. पुष्कळ प्रेक्षक लाइनमनचा नंबर पहिल्यांदा ऐकतात, तो असा. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाचं थोडंफार असंच असतं. त्याने अडवलेले शेकडो चेंडू कुठेच लिहिले जात नाहीत, सुटलेला चेंडू मात्र बाय म्हणून धावफलकावर चढतो. पण यष्टिरक्षकाला निदान झेल असतात, यष्टिचीत असतात. लाइनमनला तेही नाही.

इथे माझा प्रश्न सुरू होतो. जे घडलं नाही, त्याची किंमत कशी करायची? आणि ती करता येत नसेल, तर ते घडू न देणाऱ्याचं आपण काय देणं लागतो?

बेंगल्सच्या निवडीचा निकाल लागला का, ते आधी पाहू. पहिल्याच हंगामात चेसने १,४५५ यार्ड काढले आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला. आदल्या वर्षी चारच सामने जिंकलेला संघ थेट सुपर बोलपर्यंत पोचला. चेसच्या बाजूने बोलणारे इथे थांबतात. पण त्याच हंगामात बरो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात नऊ वेळा, आणि तो सामना बेंगल्स जिंकले. फेब्रुवारी २०२२ मधल्या सुपर बोलमध्ये लॉस अँजलिस रॅम्सविरुद्ध सात वेळा, आणि तो ते २०-२३ असे हरले. अखेरच्या मिनिटात, चौथ्या डाउनवर एक यार्ड हवा असताना, रॅम्सच्या एरन डोनाल्डने भिंत फोडून बरोला धरलं आणि गिरकी घेत पडताना त्याने फेकलेला चेंडू जमिनीवर गेला. सुएलच्या बाजूने बोलणारे इथे थांबतात. वर ते डेट्रॉइट दाखवतात. २०२१ मध्ये तीन सामने जिंकलेला तो संघ दोन वर्षांनी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोचला, त्याच्यापुढच्या वर्षी १५ सामने जिंकला, आणि सुएल दोन्ही वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. त्यावर चेसवाले २०२४ दाखवतात: झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत चेस अव्वल. त्यावर सुएलवाले म्हणतात, त्याच वर्षी बेंगल्स प्लेऑफमध्येही पोचले नाहीत.

हा वाद कधीच संपणार नाही, कारण तो ज्या सामन्यांवरून चालला आहे ते झालेलेच नाहीत. सुएलला घेतलेल्या बेंगल्सचा २०२१ चा हंगाम कुठल्याच फितीवर नाही. आपण निकालावरून मागे जाऊन निर्णयाला शहाणा किंवा मूर्ख ठरवतो. पण निर्णय घेणाऱ्याच्या हाती निकाल नसतो, तेव्हा जे माहीत होतं तेवढंच असतं. त्या दिवशी काय माहीत होतं? एक माणूस पाच महिन्यांपूर्वी मोडला होता. आणि तो त्या संघात स्वतःच्या निवडीने आला नव्हता.

ड्राफ्टची ही बाजू मला कायम खटकते. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ मध्ये तो सुरू झाला. दुबळ्या संघाला आधी संधी, यात न्याय आहेच. पण तो संघांसंघांतला न्याय. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला कुठे, कोणासाठी, कुठल्या भिंतीमागे खेळायचं, हे ठरवता येत नाही. ज्याने दुसऱ्याची निवड स्वतःकडे घेतली, त्याने त्या दुसऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारीही घेतली, असं मला वाटतं. आईबाप मुलाला विचारून जन्माला घालत नाहीत, म्हणूनच त्यांची जबाबदारी जास्त असते. इथलं नातं तेवढं गहिरं नाही, पण तर्क तोच आहे. यावर कोणी म्हणेल, कॉलेजातला जुना जोडीदार चेस आपल्याकडे यावा, ही बरोचीही इच्छा होती. असेल. जखमी खेळाडूला जिंकायचंच असतं, म्हणून तर तो खेळाडू असतो. त्याची इच्छा हा एक मुद्दा झाला. तेवढ्याने संघाचं कर्तव्य फिटत नाही.

मग बेंगल्सनी सुएललाच घ्यायला हवं होतं का? इथे मी सुएलवाल्यांपासूनही वेगळा होतो, आणि याला माझ्या धंद्यातली सवय कारणीभूत आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एखादी यंत्रणा कशी कोलमडेल, याचा विचार आधी करतो. काही भाग असे असतात की त्यांतला एक चालला तरी काम भागतं. काही असे की त्यांतला एक बंद पडला की सगळं बंद. रिसीव्हर पहिल्या प्रकारचे आहेत. तिघांपैकी एक मोकळा झाला की पुरे, क्वार्टरबॅक चेंडू त्याच्याकडे फेकतो. लाइन दुसऱ्या प्रकारची आहे. चौघांनी चोख अडवलं आणि पाचवा घसरला, तरी क्वार्टरबॅक पडतोच. समोरचा संघ मुद्दाम तो पाचवा शोधतो. डोनाल्ड कडेने येणारा नव्हता, तो मधल्या फळीतला खेळाडू होता. टॅकलच्या जागी सुएल असता तरी त्याची वाट गार्डवरून जात होती. म्हणजे एका मोठ्या निवडीने संरक्षण विकत मिळत नाही. ते एका रात्रीत, कॅमेऱ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात करायचं कामच नाही.

ते कसं होतं, याचं उदाहरण फिलाडेल्फियाकडे आहे. लेन जॉन्सन त्यांनी २०१३ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतला. ती मोठी निवड. पण सेंटर जेसन केल्सी २०११ मध्ये १९१ व्या क्रमांकावर आला. जॉर्डन मैलाटा २०१८ मध्ये २३३ व्या क्रमांकावर आला, तेव्हा हा ऑस्ट्रेलियन रग्बी लीग खेळाडू अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. जेफ स्टाउटलंड या प्रशिक्षकाने त्याला पायाची ठेवण शिकवण्यापासून सुरुवात करून लीगमधला उत्तम लेफ्ट टॅकल बनवला. बचावाच्या फळीसाठीही त्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये पहिल्या फेरीत जॉर्डन डेव्हिस, जेलन कार्टर आणि नोलन स्मिथ घेतले. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये या फळीने कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केलं, तेही एकदाही जादा माणूस पुढे न पाठवता. भारतात सोमवारची पहाट होती. पहिला अर्धा भाग संपला तेव्हा ईगल्स २४-० ने पुढे होते, आणि चेंडू कुठे जातोय याऐवजी फळी कुठे सरकतेय हे पाहिलं, तर सामना तेव्हाच संपलेला दिसत होता. प्राधान्य म्हणजे एक निवड नव्हे. दरवर्षी, फारसं कोणी पाहत नसताना केलेली गोष्ट म्हणजे प्राधान्य.

इथवर आलं की लाइनमनना ‘पायाचे दगड’ म्हणायचा मोह होतो. आपल्याकडे ही उपमा फार लवकर हाताशी येते. कळस सगळ्यांना दिसतो, पाया दिसत नाही, म्हणून पायाला नमस्कार. मला या नमस्काराविषयी दोन शंका आहेत.

पहिली अशी, की न दिसणाऱ्या कामात लबाडीलाही जागा असते. ‘काही बिघडलं नाही, ते माझ्यामुळे’ असं कोणीही म्हणू शकतो. वायटूकेच्या वेळी भारतातल्या हजारो अभियंत्यांनी जुने प्रोग्रॅम ओळीओळीने दुरुस्त केले. १ जानेवारी २००० ला फारसं काही झालं नाही आणि लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. हा त्या अभियंत्यांवर अन्याय होता. पण फार खर्च न केलेल्या देशांतही मोठा अनर्थ झाला नाही, हेही खरं. तेव्हा सरसकट कृतज्ञता हा उपाय नाही. उपाय आहे नीट पाहणं. लाइनमनच्या कामाला रकाना नसला, तरी प्रत्येक खेळीची फीत असते आणि प्रशिक्षक ती मागेपुढे करून पाय, हात, खांदा तपासतात. रकाना नाही म्हणजे पुरावा नाही, असं नव्हे. आपण पाहायचा कंटाळा करतो आणि वर नमस्कार करून मोकळे होतो.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. दगडाला दुखत नाही.

१८ नोव्हेंबर १९८५ ला लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला सॅक केलं आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. ते लाखोंनी टीव्हीवर पाहिलं. तो पुन्हा खेळला नाही. क्वार्टरबॅकची आंधळी बाजू राखणाऱ्या लेफ्ट टॅकलचं मोल सांगताना हीच घटना पुढे केली जाते. पुढे त्यांचे पगारही वाढले. पण ते वाढले कशामुळे? मागे उभा असलेला माणूस महाग होता, म्हणून. कुंपणाची किंमत शेतातल्या पिकावरून ठरली.

आता दुसरं नाव. माइक वेब्स्टर, पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर. १९७४ मध्ये पाचव्या फेरीत निवडलेला, चार सुपर बोल जिंकलेला. तो २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. अखेरच्या वर्षांत त्याची स्मृती आणि संसार, दोन्ही विस्कटले होते. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली आणि २००५ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली: वारंवार बसलेल्या धक्क्यांनी झिजत गेलेला मेंदू. त्या विकाराला सीटीई म्हणतात. थाइसमनच्या दुखापतीला तारीख आहे, वार आहे, फीत आहे. वेब्स्टरच्या दुखापतीला तारीखच नाही. सेंटर प्रत्येक खेळीत डोकं पुढे करून आदळतो. प्रत्येक धक्का किरकोळ असतो, कोणी शिट्टी वाजवत नाही. त्याचं यश जसं नोंदलं जात नाही, तसंच नुकसानही नोंदलं जात नाही. दोन्हींचं कारण एकच: आपली नजर घटना टिपते, झीज टिपत नाही.

म्हणून ‘आधी लाइन उभी करा’ हा सल्ला मला पटतो, पण अर्धाच. फळी मजबूत करणं म्हणजे एकाच्या शरीराच्या रक्षणासाठी पाच शरीरं लावणं. ते पगार घेऊन, राजीखुशीने करतात हे खरं आहे. पण किती खर्ची पडतंय, हे वेब्स्टरच्या पिढीला कोणी सांगितलंच नव्हतं. न कळलेल्या गोष्टीला दिलेल्या संमतीत फार दम नसतो.

२०११ च्या करारात लीग आणि खेळाडू संघटना यांनी नियमित हंगामातले पूर्ण पॅड घालून करायचे सराव १४ वर आणले. आठवड्याच्या मधल्या दिवशी होणारे हजारो धक्के त्यामुळे टळले असतील. वीस-तीस वर्षांनी एखादा माजी गार्ड सकाळी उठेल, नातवाचं नाव न अडखळता घेईल, चहा पिईल. तो या नियमामुळे वाचला की तसाही वाचलाच असता, हे त्याला कळणार नाही आणि आपल्यालाही नाही. कुठल्याच वहीत त्याची नोंद होणार नाही. तरीही तो नियम करायलाच हवा होता.