‘गणित चांगलं असेल ना?’

मूल स्वमग्न आहे असं सांगितलं की साताऱ्या-सांगलीकडे पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग गणित चांगलं असेल ना?’ विचारणाऱ्याने मूल पाहिलेलं नसतं, सिनेमा पाहिलेला असतो.

हा प्रश्न १९८८ साली अमेरिकेत जन्मला. ‘रेन मॅन’मधला रेमंड जमिनीवर सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजतो, आणि डस्टिन हॉफमनला ऑस्कर मिळतं. ज्या किम पीकवरून हे पात्र सुचलं, तो हजारो पुस्तकं पाठ असलेला माणूस स्वमग्न नव्हताच. त्याच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. स्मरणशक्ती त्याची, निदान दुसऱ्यांचं, आणि उत्तरं द्यायची जगभरच्या आईबापांनी. आपल्याकडे १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं, ते आलं २०१६च्या कायद्यात. सिनेमा कायद्याच्या कितीतरी आधी पोचला.

हॉफमनच्या लकबी खोट्या नव्हत्या. खोटा होता तो पटकथेचा जमाखर्च. उणीव दाखवली की पटकथेला भरपाई लागते. ‘माय नेम इज खान’मधला रिझवान बिघडलेलं काहीही दुरुस्त करतो. पाचगणीच्या न्यू एरा शाळेत चित्रित झालेला ‘तारे जमीन पर’ डिस्लेक्सियाचा, पण जमाखर्च तोच: अक्षरं जमत नाहीत ना, मग चित्रात पहिलं बक्षीस. बक्षिसाशिवाय आपला रुमाल भिजत नाही. (माझाही बक्षिसालाच भिजला होता.)

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वमग्नता मोजायची जी भारतीय मोजपट्टी आहे, तिच्यात ४० मुद्दे आहेत. बेरीज ७०च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही, १५३च्या वर गेली तर तीव्र. अलौकिक क्षमतेचा मुद्दा अगदी शेवटचा, चाळिसावा. सिनेमा चाळिसाव्यापासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच थांबतो. नजर न देणं, हाक न ऐकणं, बोट न दाखवता आईचा हात धरून तिला फडताळापाशी ओढत नेणं, हे सगळं वरच्या एकोणचाळिसांत येतं. आयुष्यही तिथेच जातं.

पडद्याला न पेलणारी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. ‘कराडची गाडी कधी?’ हा प्रश्न सिनेमात तीनदा येईल आणि तिसऱ्यांदा थेटर हसेल. घरात तो दुपारपर्यंत साठाव्यांदा आलेला असतो. आई प्रत्येक वेळी तेच उत्तर त्याच सुरात देते, कारण सूर बदलला की रडारड. याचं संकलन कोण करणार?

म्हणून मला सगळ्यांत खरा वाटलेला सिनेमा स्वमग्नतेवरचा नाहीच. जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’वरून प्रसाद ओकने २०१७ साली केलेला ‘कच्चा लिंबू’. त्यातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या बच्चूकडे कसलीही करामत नाही. आईबाप पाळ्या लावून त्याला सांभाळतात, तो वयात येतो, आणि त्याच्या देहाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. थकवा इतका स्वच्छ मराठी पडद्यावर क्वचितच दिसला असेल.

आता आग्रह असा की ज्याचं आयुष्य त्यानेच साकारावं. ‘यलो’त डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत होती, आणि ते शोभलं. तरी याचा नियम करायला मी तयार नाही. सांगलीत तर नाहीच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथे, आणि त्या काळी सीताही पुरुषच व्हायचा. पुढे बालगंधर्वांचं नेसणं पाहून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या. सोंग इतकं खरं होऊ शकतं.

पण त्या बायका थिएटरात बसल्या होत्या. पदर चुकला असता तर त्यांच्या लक्षात आलं असतं. स्वमग्न मुलगा थिएटरात टिकत नाही. अंधार, छातीत घुमणारा आवाज, शेजारच्याचा कोपर. त्याच्यावरचा सिनेमा सुरू असताना तो बापाच्या कडेवर बाहेर पार्किंगमध्ये असतो. आत आपण डोळे पुसत म्हणतो, ‘किती हुबेहूब केलंय!’ स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिनने स्वतःवरचा चित्रपट पाहून, माझं चित्रांत विचार करणं बरोबर दाखवलंय, असं सांगितलं. अशी साक्ष आपल्याकडे सहसा कुणी मागत नाही.

मागायला फार लागत नाही. परदेशात स्वमग्न प्रेक्षकांसाठी असे खेळ होतात: आवाज निम्मा, दिवे अर्धे चालू, मधेच उठून फिरलं तरी कुणी हटकत नाही. सांगलीत, साताऱ्यात रविवारी सकाळी एखादा पडदा रिकामाच असतो.