सीलबंद श्रद्धा

१८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या दिवसांत अमेरिकेहून आलेल्या हॉब्स नावाच्या कुलूपकाराने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवले. ब्रामा कंपनीचे कुलूप तर दुकानाच्या खिडकीत दोनशे गिनींचे आव्हान देत साठ वर्षे मिरवत होते. सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खटपट करून त्याने तेही उघडले. पुष्कळ लोकांचा राग कुलपांवर निघाला नाही, हॉब्सवर निघाला. असल्या गोष्टी चारचौघांत केल्या तर चोरांचे फावेल, हे त्यांचे म्हणणे. चोरांना ते आधीच ठाऊक असते, अंधारात राहतो तो घरमालक, हे सांगायला हॉब्सच्या बाजूने फार थोडे होते.

आपण आजही त्या रागावलेल्या मंडळींच्याच पंगतीला बसलो आहोत. दाराचे स्मार्ट कुलूप, सोसायटीचा कॅमेरा, ऑफिसचे टोकन, सगळे सीलबंद. आत काय आहे असे विचारणारा आपल्याला एकतर भोळसट वाटतो, नाहीतर संशयित. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि शब्दप्रामाण्यावर जन्मभर आसूड ओढले. त्यांच्या पाच वर्षे आधी केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने फ्रेंचमधून मांडले होते की गुप्तलेखनाची यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. लपवायची ती फक्त किल्ली. दोघांची भेट होण्याचे कारण नव्हते, पण झगडा एकच. आपल्याकडे पोथी गेली आणि तिच्या जागी कंपनीचे माहितीपत्रक आले.

म्हणून घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न घेऊन सुरक्षेचे एखादे छोटे उपकरण घडवणारा आणि त्याचा आराखडा जगासमोर ठेवणारा माणूस मला निव्वळ हौशी वाटत नाही. यादृच्छिक अंक देणारे यंत्रच घ्या. त्याचे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतात. साध्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडावर पुरेसा उलटा व्होल्टेज दिला की जोड ढासळतो आणि ढासळताना जी विद्युत खरखर होते तिचा अंदाज कुणालाही बांधता येत नाही. ती वाढवायची, तिचे शून्य-एक करायचे. गुप्त किल्ल्या यातूनच घडतात. शून्ये आणि एक समसमान येत नाहीत, हा पहिला दोष. त्यावर गणितज्ञ फॉन नॉयमनची सोपी तोड आहे: अंक जोडीने घ्या, ०१ आला तर शून्य, १० आला तर एक, बाकीच्या जोड्या फेकून द्या.

खरी नैतिक परीक्षा यापुढे आहे. बहुतेक जण हे अंक शेवटी एसएचए-२५६ सारख्या गणिती चाळणीतून काढतात. मागचा निकाल पुढच्यात मिसळत गेले की बाहेर येणारी रांग इतकी सुरेख दिसते की ट्रान्झिस्टर जळून गेला, किंवा खरखरीऐवजी घरच्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण आत शिरली, तरी सांख्यिकीच्या सगळ्या चाचण्या ती पास होते. म्हणजे यंत्र मेलेले आणि निकाल पहिल्या वर्गाचा! सचोटीचा कारागीर म्हणूनच चाळणीच्या आधीचे कच्चे अंक पाहण्याची वाट मोकळी ठेवतो. न्यूझीलंडमध्ये घडवलेल्या ‘वनआरएनजी’ या खुल्या उपकरणावर धातूचे झाकण आहे, ते काढून आतले सर्किट पाहता येते. अशा कारागिराच्या दुसऱ्या आवृत्तीत वीजपुरवठा वेगळा होतो, तिसरीत तारांची मांडणी बदलते, आणि प्रत्येक वेळी काय चुकले होते ते आराखड्याशेजारी लिहिले जाते. मला या लिहिण्याचे मोल सर्किटाहून अधिक वाटते.

खुले म्हणजे आपोआप सुरक्षित, ही मात्र नवी अंधश्रद्धा. २००६ मध्ये डेबियन या खुल्या संगणक-प्रणालीतल्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरमधून काही ओळी निकामी केल्या गेल्या आणि एका जातीच्या किल्ल्यांच्या शक्यता उरल्या अवघ्या ३२,७६८. कोड सर्वांसमोर होता, तरी २००८ उजाडेपर्यंत कुणी पाहिले नाही. आणि स्वस्त रास्पबेरी पाय पिकोवर बनवलेली लॉगिनची चावी? तिची फ्लॅश मेमरी चिपबाहेर असते, हाती लागली की कुणालाही वाचता येते. हे न सांगता ती शेजाऱ्याला अभेद्य म्हणून देणे ही फसवणूकच. पण सीलबंद बाजूचा हिशेबही मांडावा. इन्फिनिऑन कंपनीच्या प्रमाणपत्रप्राप्त चिपांमधला किल्ल्यांचा दोष चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बाहेरून, नुसत्या तयार झालेल्या किल्ल्या तपासून शोधला. तोवर एस्टोनियाची सुमारे साडेसात लाख ओळखपत्रे त्याच चिपवर चालू होती.

आता आपल्या अंगणाकडे. अंतिम वर्षाचे प्रोजेक्ट तयार विकत मिळते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला, त्याच्या पालकांना आणि परीक्षकालाही ठाऊक असते. सोनेरी अक्षरांच्या ‘ब्लॅक बुक’ प्रकल्प-अहवालात सगळे ‘यशस्वी’ असते, काय फसले याचे प्रकरण नसते. हे मुलांच्या आळसाचे लक्षण म्हणून मी सोडून देणार नाही. चुकलेले दाखवले की गुण जातात, हे आपणच त्यांना पाचवीपासून शिकवले आहे. उद्या हीच मुले बँकांची यंत्रे आणि घरांची कुलुपे बनवणार आहेत. तेव्हा परीक्षकांनी तोंडी परीक्षेत मुलांना उपकरणाचे झाकण काढायला लावावे, कच्चे अंक कुठून दिसतात ते विचारावे, पहिली आवृत्ती का टाकून दिली ते सांगायला लावावे. ज्याला हे सांगता येईल त्याचे सर्किट त्या दिवशी बंद पडले असले तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत.