सगळेच तातडीचे

आमच्या शाखेत 'तातडीचे' असा एक रबरी शिक्का आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तो कुलपात असे आणि महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघे. तो उमटलेला कागद टेबलावर आला की हेडक्लार्क हातातला चहा खाली ठेवीत. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की शिक्क्याचा कागद लवकर हलतो. झालं! पंख्याची दुरुस्ती तातडीची, टाचण्यांची मागणी तातडीची, मे महिन्यातल्या रजेचा अर्ज जानेवारीत तातडीचा. मग 'अति तातडीचे' असा दुसरा शिक्का करवून घ्यावा लागला. हल्ली साहेबांना खरोखरच घाई असली की ते शिक्का मारीत नाहीत. कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'बघता का जरा?' असं लिहितात. त्या कागदामागे सगळे धावतात.

गाण्यांचं नेमकं असंच झालंय, हे मला चिरंजीवांकडून कळलं. हल्लीचं एखादं गाणं ऐकून माझं डोकं का दुखतं, असं मी विचारलं, तर तो 'वय' म्हणाला नाही, एवढीच त्याची पितृभक्ती. त्यानं संगणकावर दोन चित्रं दाखवली. जुन्या गाण्याचं चित्र सह्याद्रीसारखं, कुठे सुळका तर कुठे खोल दरी. नव्याचं म्हणजे नुसती वीट! पूर्वी शाळेच्या ग्रुप फोटोत उंच मुलांना मान खाली घालायला लावत आणि बुटक्यांना बाकावर चढवत. तसंच आधी गाण्यातले उंच आवाज दाबायचे आणि मग सबंध गाणं छताला डोकं टेकेपर्यंत उचलायचं. कुजबुज आणि आरोळी एका उंचीला येतात.

गंमत म्हणजे हे जागेच्या टंचाईनं झालेलं नाही. तबकडीवर आवाज फार मोठा केला तर रेघ रुंद व्हायची, जागा खायची आणि सुई उडायची भीती असायची. १९८२ साली सीडी बाजारात आली. हळू आणि मोठा यांच्यात तब्बल ९६ डेसिबलचं अंतर ठेवायची तिच्यात सोय. एवढा ऐसपैस वाडा हाती आला आणि मंडळी राहायला गेली माळ्यावर! नव्वदीनंतर तर प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्या सीडीहून मोठी वाजायला हवी होती. कारण माणसाचा कान भोळा. एकच गाणं दोनदा ऐकवा, त्यातलं एक किंचित मोठं ठेवा. बहुतेक जण मोठ्यालाच चांगलं म्हणतात. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम निघाला. तीच गाणी 'गिटार हीरो' नावाच्या व्हिडिओ खेळात कमी दाबलेली होती आणि तिथे ती जास्त चांगली वाजतात, हे रसिकांनी ओळखलं. हजारोंनी सह्या करून 'अल्बम पुन्हा नीट करा' अशी मागणी केली. आरडाओरड्यालाच वाहिलेलं संगीत ते, आणि त्याचेच भक्त म्हणाले, 'अहो, जरा हळू!'

वाणिज्य शाखेत मला जे थोडं समजलं, त्यात ग्रेशॅमचा नियम आहे. खोटं नाणं खऱ्या नाण्याला बाजारातून हाकलतं. पण मला छळणारा प्रश्न निराळा आहे. यात पाप कुणाच्या खात्यावर टाकायचं? नाटकाला पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहिला, तर मागच्याला उभं राहावंच लागतं. शेवटी सगळं थिएटर उभं. दिसतं पहिल्याइतकंच आणि पाय मात्र दुखतात. मागे उभा राहिलेला मी गुन्हेगार की बळी? आता स्पॉटिफाय, यूट्यूब ही मंडळी मोठ्यानं आलेली गाणी आपणहून खाली घेऊन सरासरी एका पातळीला वाजवतात. म्हणजे ओरडण्याचा फायदा उरलेला नाही. तरी ओरडण्याची सवय राहिलीच आहे. आमच्या शिक्क्यासारखी.

हे सगळं मी तत्त्व म्हणून ऐकून घेतलं असतं. पण मग कॅसेटचं प्रकरण झालं.

१९८७ सालची एक कॅसेट आमच्याकडे आहे. आई तांदूळ निवडत अभंग म्हणतेय आणि मामानं टेप चालू ठेवलाय. मध्येच तिचा आवाज एकदम खाली जातो, इतका की नुसता श्वास उरतो. कारण बाबा रात्रपाळी करून आले होते, आतल्या खोलीत झोपले होते आणि त्यांनी कूस बदलली होती. आई गेल्यावर आम्ही ती कॅसेट पुष्कळदा ऐकली. त्या जागी सगळे कानात प्राण आणून बसत. यंदा आईच्या वर्षश्राद्धाला चिरंजीवांनी मोठ्या प्रेमानं ती 'स्वच्छ' करून आणली. सगळं कसं खणखणीत! आई खणखणीत, पंखा खणखणीत, खिडकीतला कावळा खणखणीत. आणि ती जागा आली कधी नि गेली कधी, कळलंच नाही. आईनं आवाज उतरवला होता तो बाबांसाठी. नव्या नकलेत बाबा झोपलेलेच नाहीत.

मी पोराला सुनवायला तोंड उघडलं. तासभर पुरेल एवढी सामग्री होती, ग्रेशॅमसकट. तेवढ्यात मावशीचा फोन आला. वय ८४, एक कान गेलेला, दुसरा जाण्याच्या बेतात. तिलाही त्यानं ती नक्कल पाठवली होती.

"अरे, शेवटचं कडवं आज पहिल्यांदा ऐकू आलं रे मला," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाटायचं, ताई मध्येच थांबलीय."

मी हळूच 'हो का?' म्हणालो. ते तिला ऐकू गेलं नाही. मग ओरडून म्हणालो.