वादी हजर

14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर काढले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2007 मध्ये नेमका उलटा निर्णय दिला होता. निकालाच्या कारणांपैकी एक मला फार रंजक वाटते. वकिलाच्या कामावर अशिलाचे प्रत्यक्ष नियंत्रण असते, म्हणून त्यांच्यातला करार व्यक्तिगत सेवेचा ठरतो, आणि अशा सेवेला हा कायदा लागू होत नाही.

कायद्याच्या तर्कात हे बसत असेलही. तालुक्याच्या कोर्टात हे नियंत्रण कसे दिसते? छापील वकालतनाम्यावर सही किंवा अंगठा घेतला जातो. मजकूर सहसा कुणी वाचून दाखवत नाही. ठरलेली फी अख्ख्या दाव्याची की निशाणी 5 च्या मनाई अर्जापुरती, हे बहुधा कागदावर येत नाही. पैसे रोखीने जातात आणि पावती मागणे म्हणजे वकीलसाहेबांवर अविश्वास दाखवणे, असा समज दोन्ही बाजूंना. आपल्याच कैफियतीत काय लिहिले आहे, हे अनेकांना उलटतपासात उभे राहिल्यावर कळते. नियंत्रण ज्याच्या हाती आहे असे न्यायालय म्हणते, तो माणूस व्हरांड्यात "साहेब, आज काय झालं?" असे विचारतो आणि पुढची तारीख घेऊन एसटी पकडतो.

वकिलांना ग्राहक आयोगात खेचावे, असे माझे म्हणणे नाही. हरलेला प्रत्येक अशील वकिलावर फिर्याद करू लागला, तर अवघड बाजू कुणी हाती घेणार नाही. पण मग दाद मागायला दुसरी जागा धड हवी. ती जागा म्हणजे 1961 च्या वकील कायद्याखालची बार कौन्सिल. तिथे तिघांची शिस्तपालन समिती तक्रार ऐकते आणि तिघेही वकीलच असतात. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे, म्हणजे दिल्लीला जाते. जतच्या शेतकऱ्याने तिथे पाठपुरावा कसा करायचा? इंग्लंडने 2007 मध्ये कायदा करून वकिलांच्या नियामक संस्थांवर देखरेखीचे मंडळ नेमले आणि त्यात बिगर-वकिलांचे बहुमत सक्तीचे केले. 2010 पासून तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपालही आहे. त्यामुळे तिथली वकिली बुडाली नाही.

असा बदल इथे होईल तेव्हा होईल, त्याआधी एक बिनखर्चाचे काम करता येईल. फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितले आहे. हा निकाल वकिलांना पाठ असतो. ज्याच्यासाठी तो दिला त्याला त्याचा पत्ता नसतो. वकालतनाम्याच्या पाठीमागे मराठीत चार ओळी छापा: फी लेखी मागता येते, पावती मिळते, कागद परत मिळतात, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आता तारखांकडे. कोर्टाच्या रोजनाम्यात एका दिवसाची नोंद साधारण अशी असते: 'वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' पहिल्या दोन शब्दांत बुडालेली मजुरी, दोन साक्षीदारांचे भाडे आणि जेवण, आणि संध्याकाळी पाचपर्यंत पुकाऱ्याकडे लावलेला कान एवढे सगळे मावलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 17 म्हणतो, सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, आणि दिली तर खर्च बसवावा. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक अडचणींसाठी यात फट ठेवली आणि त्या फटीतून आता बैलगाडी जाते. खोट्या किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल कलम 35अ खाली मिळणारी भरपाई 1976 च्या दुरुस्तीपासून कमाल 3,000 रुपयांवर अडली आहे. व्यापारी दाव्यांसाठी 2015 मध्ये ही मर्यादा उठली. बांधाच्या भांडणाला ती अजून लागू आहे.

न्यायाधीश कमी आहेत, हे खरेच. दहा लाख लोकांमागे पन्नास हवेत, असे विधी आयोगाने 1987 मध्ये सुचवले होते. आज त्याच्या निम्मेही नाहीत. पण बोर्डावरची प्रकरणे सकाळ आणि मधल्या सुटीनंतर अशी विभागून आदल्या दिवशी कळवायला नवे पद लागत नाही. ई-कोर्टच्या ॲपवर तारीख दिसते, तशी वेळही दिसू द्या.

वेळेप्रमाणे कोर्टाचे अंतरही कमी होऊ शकते, हे कोल्हापूरने दाखवले. 18 ऑगस्ट 2025 पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सावंतवाडीच्या माणसाची अपिलासाठीची मुंबई वाचली. ही लढाई वकिलांनी चार दशके लढवली, त्याचे श्रेय त्यांचेच. मधे कामकाजावर बहिष्कारही झाले. त्या दिवसांत वादी हजर होता की नाही, हे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. बेंच जवळ आले तरी अनुच्छेद 348 मुळे तिथली भाषा इंग्रजीच आहे. आपल्या अपिलात काय बोलले गेले, हे समजायला अशिलाला पुन्हा वकिलाचेच तोंड पाहावे लागेल.

एवढे करून दावा जिंकला, तरी हातात येतो तो हुकूमनामा. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये म्हणून ठेवले आहे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने आकडे मागवले, तेव्हा देशात 8.82 लाख दरखास्ती पडून होत्या आणि त्यांतल्या सुमारे 3.41 लाख एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत. या यादीत आपण पहिले आलो.

वाटपाच्या दाव्यात तर गुंता आणखी वाढतो. प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरतात. पण सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून तहसील, मग मोजणीसाठी भूमी अभिलेख. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या नव्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने स्वतःच पुढे जावे, असे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरी कोर्टाच्या आवाराबाहेर पडलेल्या फाइलचा एसएमएस कुणाला येत नाही. ॲपवर दावा 'निकाली' दिसतो, कोर्टाच्या मासिक आकड्यात तो जमेस धरला जातो आणि भाऊ-भाऊ तीच जमीन पूर्वीसारखी अडवून बसलेले असतात. ताबा पावती दाखल होईपर्यंत अशा दाव्यापुढे 'निकाली' लिहू नये, एवढा एक नियम उच्च न्यायालयाने केला तरी प्रलंबित दाव्यांचा आकडा फुगेल. फुगू द्यावा.